दिघेबाई आणि बिस्किटाचा डबा

दिघेबाईंना कुणी ‘कशा आहात’ म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. “दमलेय. बाकी बरी.” सकाळी कामावर येऊन पर्स खुंटीला अडकवतानाही हेच, आणि संध्याकाळी गेटमधून बाहेर पडतानाही हेच. त्यात रडगाणं नव्हतं. माणूस आपलं गाव सांगतो तसं त्या ते सांगायच्या. नवीन लागलेली मंडळी सुरुवातीला काळजीनं चौकशी करायची, मग त्यांनाही सवय व्हायची.

आमची कंपनी भांडुप आणि मुलुंडच्या मधे, आग्रा रोडला लागून होती. पाण्याचे पंप बनायचे तिथे. मी पर्चेस खात्यात टायपिस्ट होते आणि दिघेबाई टेलिफोन ऑपरेटर. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. जिन्याखाली प्लायवुडचं पार्टिशन घालून त्यांना एक खोपटं करून दिलं होतं. त्यात बोर्ड, एक उंच खुर्ची आणि एक टेबलफॅन. त्या जेवायला उठल्या किंवा रजेवर गेल्या की बोर्डावर बसायचं काम माझ्याकडे होतं. बघायला ते सोपं वाटतं. दिवा लागला की पितळी टोकाची तार भोकात घालायची, कोण हवंय विचारायचं, दुसरी तार दुसऱ्या भोकात घालायची, बोलणं संपलं की दोन्ही ओढून घ्यायच्या. पण तेवढ्या वेळात माझी मान धरायची, आणि लोकांचे आवाज कानात इतके साठायचे की नंतर जेवतानाही कुणीतरी हॅलो हॅलो करतंय असं वाटायचं. दिघेबाई ते दिवसभर करत होत्या, मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून.

हेडफोन त्या डाव्या कानावर घ्यायच्या. खालची कुडी टोचायची, म्हणून आल्या आल्या ती काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकायच्या, आणि जाताना घालायला हमखास विसरायच्या. त्यामुळे बाजारात, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीतसुद्धा दिघेबाईंच्या एकाच कानात मोती दिसायचे. कुणी लक्षात आणून दिलं तर कानाला हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, राहू दे, उद्या पुन्हा काढायचीच आहे.

बोलणं तोडकं. फोन घेतला की “बोला”, जोडून दिला की “घ्या”. मला शिकवताना त्यांनी सांगितलं होतं की माणसाचं नाव नंतर विचार, आधी त्याचा श्वास ऐक. भांडायला आलेला माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. त्याला खालच्या माणसाकडे द्यायचा नाही, थेट साहेबाला द्यायचा. खालचा बिचारा उगाच मरतो.

एकदा वर्क्स मॅनेजरनं त्यांना निरोप दिला की आज कुणाचाही फोन आला तर मी बाहेर गेलोय म्हणून सांगा. दिवसभर बाई लोकांना सांगत राहिल्या, “साहेब बाहेर गेलेत असं सांगा, असं साहेबांनी सांगितलंय.” संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी टाइप केलेली पत्रं सहीला घेऊन तिथेच उभी होते. साहेब चिडलेले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की साहेब, खोटं बोलायचं तर ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मला आता एवढं लक्षात ठेवणं होत नाही. साहेबांना हसावं की मेमो द्यावा ते कळेना. त्यांनी माझी पत्रं ओढून घेतली आणि सह्या करायला लागले.

त्यांचे यजमान श्रीधरराव मालवाहू बोटीवर वायरलेस ऑफिसर होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल बाई कधी काही बोलल्या नाहीत. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा ब्लॉक होता. मी तिथून जवळच राहायची, त्यामुळे संध्याकाळी आम्ही पुलावरून बरोबर चालत जायचो. वाटेत बाई बहुधा गप्प असायच्या. मीही गप्प राहायला शिकले. दिवसभर ज्यांच्या कानात बोलणं ओतलं जातं त्यांच्याशी बोलू नये, एवढं मला कळायला लागलं होतं.

श्रीधरराव सुट्टीवर आले की एखाद्या रविवारी आमच्यासारख्या चार जणांना ते गाणं ऐकायला बोलवायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, जाऊ, बसू, रेकॉर्ड ऐकू, चहा घेऊ. प्रत्यक्षात आम्ही गेलो तेव्हा श्रीधरराव लेंगा आणि बनियनवर जमिनीवर आडवे झाले होते आणि अर्धे कपाटामागे होते. फक्त पाय दिसत होते. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, “आधी वायरी होतील, मग चहा होईल, मग जमलं तर गाणं होईल.”

उंच, हडकुळा माणूस. बोटं लांब आणि सारखी हलणारी. परदेशातून त्यांनी रेकॉर्ड वाजवायचं एक जड यंत्र आणि त्यात बसवायची नवी सुई आणली होती. ती आमच्या घरच्या ग्रामोफोनच्या पिनेसारखी नव्हती. ते आम्हाला समजावून सांगायचे, आणि समजावताना त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा व्हायचा. ह्या सुईतून निघणारा आवाज इतका बारीक असतो की आपल्याकडच्या साध्या अँप्लिफायरला तो ऐकूच येत नाही. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे चढवलेले असतात, नाहीतर रेकॉर्डवरच्या रेषा एकमेकींत घुसतील. म्हणून आधी एका वेगळ्या मंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, तो आवाज मोठा करायचा, दाबलेलं वर आणायचं, चढवलेलं खाली आणायचं, आणि मगच तो अँप्लिफायरला द्यायचा. आता हे मंडल ठेवायचं कुठे, हा सगळा वाद. बरेच लोक ते अँप्लिफायरच्या पोटातच बसवतात. पण त्याच पोटात विजेचा ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत असतो.

“तान्ह्या पोराला कुणी गिरणीत झोपवतं का?” ते विचारायचे.

म्हणून त्यांनी ते मंडल स्वतः जोडून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातलं होतं. पत्रा बाहेरची घरघर आत येऊ देत नाही. डब्यावर निळ्या रंगाची पवनचक्की होती आणि झाकणाला भोकं पाडून एक बटण आणि एक छोटा लाल दिवा बसवला होता. डबा कपाटाच्या दुसऱ्या टोकाला, अँप्लिफायरपासून लांब. त्याला वीज नाही, बॅटऱ्या. यंत्राकडून डब्याकडे दोन वायरी आणि एक अर्थची, डब्याकडून अँप्लिफायरकडे आणखी दोन. आधी डबा चालू करायचा, थोडं थांबायचं, मग अँप्लिफायर, मग आवाज हळूहळू वर. बंद करताना सगळं उलटं. क्रम चुकला की स्पीकरमधून धप्पकन असा आवाज यायचा की शेजारची आजी देव्हाऱ्यासमोरून उठून बाहेर यायची.

चहा झाला, पुन्हा एकदा अर्थची वायर आवळून झाली, आणि मग एकदाची रेकॉर्ड लागली. एका गायिकेचा मारवा राग होता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण एवढं आठवतं की सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेतून तंबोरे कधी सुरू झाले ते समजलंच नाही. श्रीधरराव आमच्याकडे बघत होते, आम्हाला ते कळलं का म्हणून. मी दिघेबाईंकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या होत्या, हातात कपबशांचा ट्रे, डोळे मिटलेले. बाजू संपेपर्यंत त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही.

निघताना दारात मी बाईंना म्हटलं की आता रोज ऐकत असाल. त्या म्हणाल्या, नाही, हे असतात तेव्हाच. हे गेले की ते सगळं चादरीखाली. मला तो क्रम सांगून ठेवलाय, पण घरी येऊन पुन्हा तारा जोडायच्या म्हटलं की हात वर होत नाहीत.

अशी काही वर्षं गेली. युद्धाच्या साली काचांना लावलेला काळा कागद सोसायटीतल्या काहींनी अजून काढला नव्हता, त्या दिवसांतली गोष्ट. श्रीधरराव सुट्टीवर घरी होते. सकाळी अकराचा सुमार असेल. बाईंनी मला काही विचारायला आत बोलावलं होतं, म्हणून मी खोपट्याच्या दारात होते. बाहेरच्या लाईनचा दिवा लागला. बाईंनी तार घातली आणि म्हणाल्या, “बोला.” मग नुसत्या ऐकत राहिल्या. मला वाटलं कुणी गिऱ्हाईक तक्रार करतंय. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. “बरं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना बोलवा. उचलू नका त्यांना. मी निघते.” तोपर्यंत बोर्डावर आणखी दिवे लागले होते. त्यांनी ते एकेक घेतले, ज्याला त्याला जोडून दिलं, प्रत्येकाला “घ्या” म्हणाल्या. मग हेडफोन काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “नलिनी, बस इथे. हे मोरीत पडलेत.”

मी बसले. खुर्ची अजून गरम होती. त्यांची पर्स खुंटीवरच राहिली. कुडी आतच होती.

श्रीधररावांची उजवी बाजू गेली. जीभही गेली, पण पुढे पाच-सहा महिन्यांत काही शब्द परत आले. तेही एकेकटे, आणि कधी कधी भलतेच. पाणी हवं असलं की ‘पेपर’ म्हणायचे, आणि चुकलं हे स्वतःलाच कळून कपाळाला डावा हात लावायचे. डोकं शाबूत होतं. कान तर पूर्वीपेक्षा तिखट झाले होते, असं बाई म्हणायच्या. दिवसा एक मावशी त्यांच्याजवळ असायच्या. संध्याकाळी बाई घरी गेल्या की त्या निघायच्या.

मग बाईंची संध्याकाळ सुरू व्हायची. स्पंजिंग, कपडे, भरवणं, औषध. आणि त्यानंतर गाणं. कारण श्रीधररावांना दिवसभरात हवं असलेलं तेवढंच होतं. एकदा मी ऑफिसचं काही सामान पोचवायला गेले होते तेव्हा ते मी बघितलं. श्रीधरराव खुर्चीत बसलेले, डाव्या हातात लाकडी फूटपट्टी. बाई कपाटामागे गुडघ्यांवर. ते फूटपट्टीनं एका वायरीवर टक टक करायचे, बाई ती ओढून बघायच्या. चुकली की ते खुर्चीच्या हातावर पट्टी आपटायचे. बॅटऱ्या उतरल्या होत्या, त्या बदलल्या. तरी घरघर येत होती. अर्थची वायर सैल होती. ती आवळली. बाईंचा पदर धुळीनं माखला होता. अखेर रेकॉर्ड लागली तेव्हा बाई तिथेच, कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसल्या, आणि तंबोरे सुरू व्हायच्या आत झोपल्या. बसल्या बसल्या, मान एका बाजूला. श्रीधररावांना ते दिसलं असावं. पण बाजू संपली तेव्हा त्यांनी पट्टी आपटली, कारण सुई उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. मी उचलायला पुढे झाले तर त्यांनी जोरात मान हलवली. माझ्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. बाई उठल्या.

हे किती दिवस चाललं ते मला नक्की सांगता यायचं नाही. एक पावसाळा तरी नक्की गेला. ऑफिसात बाईंकडून चुका व्हायला लागल्या. स्टोअर्सचा फोन साहेबांना, साहेबांचा कॅन्टीनला. ज्या बाईंना श्वासावरून माणूस कळायचा त्या दोनदोनदा ‘कोण?’ म्हणून विचारायला लागल्या.

आणि मग एके दिवशी पुलावर त्या आपण होऊन बोलल्या. म्हणाल्या, “रविवारी सकाळी ये. फ्रान्सिस येणारे. मला एकटीला धीर होत नाही.”

फ्रान्सिस हा मरोळचा माणूस. साकीनाक्याला त्याचं छोटंसं वर्कशॉप होतं. पूजेच्या मांडवातले, लग्नातले लाऊडस्पीकर आणि त्यांचे अँप्लिफायर तो बनवायचा. श्रीधररावांची आणि त्याची जुनी दोस्ती. सुटे भाग ते त्याच्याकडूनच घ्यायचे. त्या रविवारी तो स्वच्छ शर्ट घालून, चर्चमधून परस्पर आला होता. बाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं असं दिसलं. चहा झाल्यावर तो श्रीधररावांच्या समोर स्टूल ओढून बसला आणि सरळ म्हणाला की साहेब, वैनींना हे झेपत नाही. डब्यातलं काम मी अँप्लिफायरच्या आत करून देतो. एक बटण. फिरवलं की सगळं चालू, उलट फिरवलं की सगळं बंद. वायर अशी यंत्राकडून येईल तेवढीच, ती मी कायमची बसवून टाकतो. ना बॅटरी, ना क्रम.

श्रीधरराव फ्रान्सिसकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टी उचलून डब्यावर ठेवली.

“वेगळा,” ते म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला. “वेगळा. वेगळा.”

फ्रान्सिसनं मान हलवली. तो म्हणाला, “साहेब, तुमचा डबा एक नंबर हाय. मी नाय कुठे बोलतो? आत टाकला का थोडी घूं येनार. मी लांब बसवीन, पत्रा मारीन, तरी येनार. खोटा कशाला बोलू?”

श्रीधररावांनी बाईंकडे पट्टी केली, ऐकलंस ना, अशा अर्थानं. बाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांच्या समोर, जमिनीवर बसल्या. मी त्यांना एवढं लांब बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

“डबा चांगलाच आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नसताना एकदा मी तो काढून, नुसती वायर लावून ऐकून बघितलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही. पत्र्यावर पाऊस पडावा तसं वाजत होतं. मला कळतं सगळं. पण दिवसभर मी तारा जोडते, आणि घरी आले की पुन्हा तुमच्या तारा. मला गाणं ऐकूच येत नाही हल्ली. लागलं की झोप लागते. मी बहिरी नाही हो, दमलेली आहे.”

खाली भंगारवाला ओरडत होता, त्याचा आवाज लांब गेला. श्रीधररावांचे ओठ हलत होते, पण शब्द सापडत नव्हता, किंवा सापडलेला भलताच होता म्हणून ते तो गिळत होते. शेवटी त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

बाई फ्रान्सिसला म्हणाल्या, “घेऊन जा.”

त्यानं अँप्लिफायर उचलला. डब्याला हात लावला नाही. म्हणाला, नवीन सामान घालतो, हा साहेबांच्या हातचा हाय, हा फोडनार नाय.

आठवड्यानं अँप्लिफायर परत आला. फ्रान्सिसनं तो लावला, रेकॉर्ड ठेवली, बटण फिरवलं. तोच मारवा. मी तेव्हा नव्हते. बाईंनी दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसल्या बसल्या, दोन फोनच्या मधे, तुकड्या तुकड्यानं सांगितलं. घूं येत होती. अगदी बारीक. फ्रान्सिसनं सांगितलं होतं तेवढीच. शेजारच्या आजीला विचारलं तर तिला काहीच ऐकू आलं नाही. पण ह्यांना आली, आणि मलाही आली. तंबोऱ्यांच्या मागे एक तिसरा तंबोरा, बेसूर. ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि हातानंच खूण केली, बंद.

त्यानंतर त्या घरात गाणं लागलं नाही. श्रीधरराव खिडकीत बसून राहायचे, जेवण कमी झालं. बाईंनी एकदाही ‘लावू का’ म्हणून विचारलं नाही. मला म्हणाल्या, त्यांचं तोंड बघवत नाही. पण डबा परत जोडायचा म्हटलं तर माझ्याच्यानं होणार नाही, मग कशाला विचारू. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पश्चात्तापही नव्हता. मी सुचवलं की फ्रान्सिसला दोन्ही सोयी ठेवता येतील का विचारू या. त्या म्हणाल्या, “नको गं. दोन सोयी असल्या की रोज कुठली ते ठरवायला लागेल.”

दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळ लवकर व्हायला लागली होती. त्या दिवशी बाईंच्या हातात दळणाचा डबा होता, जड, म्हणून तो मी घेतला आणि त्यांच्याबरोबर वरपर्यंत निघाले. मावशींना नातीच्या बारशाला जायचं होतं, त्या दुपारीच गेल्या होत्या आणि श्रीधरराव दोनेक तास एकटे होते. त्यामुळे बाई भराभर चालत होत्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या एकदम थांबल्या. मला काही कळेना. मग मलाही ऐकू आलं. वर गाणं चालू होतं.

सुरुवातीला खर्रकन आवाज आला असावा, कारण शेजारची आजी दार उघडून जिन्यात आली होती. तिनं आमच्याकडे बघून हातानं विचारलं, काय झालं. बाईंनी नुसता हात वर केला. त्या जिना चढल्या, दारापर्यंत गेल्या, पर्समधून किल्ली काढली, आणि लॅचला लावलीच नाही. दाराशेजारी, वरच्या पायरीवर बसल्या. दळणाचा डबा माझ्या हातातच होता. मी म्हटलं, आत नाही का जायचं? त्या म्हणाल्या, “थांब. बाजू संपू दे.”

आम्ही बसलो. मधेच सुई एका जागी अडकली, तेच तेच दोन सूर पुन्हा पुन्हा. बाईंनी गुडघा घट्ट धरला. आत खुर्ची करकरली. थोडा वेळ काहीच नाही. मग धप्प, आणि गाणं पुढे कुठूनतरी सुरू झालं. बाईंनी डोकं भिंतीला टेकवलं. डोळे मिटले नाहीत, झोपल्याही नाहीत. पहिल्या वेळेला, हातात कपबशा घेऊन उभ्या होत्या, त्यानंतर मी त्यांना इतकं जागं राहून गाणं ऐकताना आत्ताच बघत होते.

ते कसं जमवलं ते नंतर कळलं. रेकॉर्डचं पाकीट गुडघ्यांत धरायचं, डाव्या हातानं रेकॉर्ड ओढायची, छातीला टेकवायची, आणि तशीच खुर्चीतून पुढे वाकून यंत्रावर सोडायची. मग ते एक बटण. पाच वायरी आणि बॅटऱ्या एका हातानं होणाऱ्या नव्हत्या. बटण होणारं होतं. जो माणूस पूर्वी रेकॉर्डला बोट लागलं तरी मखमलीच्या फडक्यानं पुसत बसायचा, त्यानं त्या हिवाळ्यात कितीतरी चांगल्या रेकॉर्डींवर ओरखडे पाडले. बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता त्या घरी गेल्या की आधी जमिनीवर आडव्या व्हायच्या, पंख्याखाली, आणि श्रीधरराव लावतील ते ऐकायच्या. स्पंजिंग आणि औषध थोडं मागे ढकललं होतं.

ह्यानं सगळं बरं झालं असं मात्र नाही. श्रीधररावांनी ती घूं शेवटपर्यंत माफ केली नाही. गाण्यात शांत जागा आली की ते डब्याकडे बोट दाखवायचे, मग अँप्लिफायरकडे, मग बाईंकडे. बाई पडल्या पडल्या म्हणायच्या, कळलं. एकदा माझ्यासमोर ते तिसऱ्यांदा दाखवायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “कळलं म्हटलं ना. लावा पुढची.” आणि त्यांनी लावली.

पुढे कंपनीत आपोआप जोडणारा नवीन बोर्ड आला. बाईंना स्टोअर्समध्ये टेबल देत होते, त्यांनी घेतलं नाही, थोडी मुदत बाकी असतानाच नोकरी सोडली. निरोप समारंभात भाषण करा म्हटलं तर उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, दमलेय, आणि बसल्या. सगळे हसले. त्याही हसल्या. त्याच सुमारास आम्ही बोरिवलीला राहायला गेलो आणि मुलुंड सुटलं. मधे दोनदा जाऊन आले, मग तेही मागे पडलं.

शेवटचं बघितलं ते असं. माझ्या मावसबहिणीला बघायला मुलुंडला गेले होते. दुपारची वेळ. स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारातून जाताना म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यासमोर एक बाक आहे, त्यावर दोघं बसलेले दिसले. श्रीधररावांच्या बाजूला काठी टेकवलेली होती, म्हणजे ते थोडं चालायला लागले होते. बाईंचे केस बरेच पिकले होते. त्या सरळ बसल्या होत्या, हनुवटी छातीवर, तोंड थोडं उघडं. गाढ झोपेत. बाजूला एक फेरीवाला आणि एक गिऱ्हाईक पेरूवरून हमरीतुमरीवर आले होते, एक रिकामी हातगाडी खडखडत चालली होती, आणि त्यांची पापणीही हलत नव्हती. भाजीची पिशवी आणि बाईंची पर्स श्रीधररावांच्या मांडीवर होती आणि दोन्हींवर त्यांनी डावा हात पसरून ठेवला होता.

मी पुढे झाले. त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्याची डावी बाजू हसली. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पर्सवरचा हात उचलला, एक बोट ओठांवर ठेवलं, आणि लगेच हात पुन्हा पर्सवर नेला.

मी मान हलवली. थोडा वेळ तिथेच उभी राहिले. ऊन बाकाच्या कडेपर्यंत आलं होतं, अजून त्यांच्या पायांवर आलं नव्हतं. मग मी पेरूवाल्याला हळूच सांगितलं की भांडण जरा पलीकडे जाऊन करा, आणि निघाले.